संत अलिंपियेचा दिवस

ओब्राद विलोतिचने मेणबत्ती पेटवली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि अठरा ताटे पुन्हा एकदा एका रेषेत आणली. नाताळापूर्वीच्या उपासामुळे मांस वर्ज्य होते. भाजलेला मासा, भट्टीत शिजवलेला घेवडा आणि साखर-अक्रोड घातलेले गहू मांडून झाले होते. कुलसंताच्या दिवशी, स्लावाला, यजमानाने बसायचे नसते. ओब्रादला त्याचे काही वाटले नाही. आधी खेळाडू आणि मग प्रशिक्षक म्हणून त्याने आयुष्य मैदानावरच काढले होते. गेली सव्वीस वर्षे तर तो परक्या देशांच्या संघांसाठी रेषेबाहेर उभाच होता.

एक वाजला. दोन वाजले. कोणी आले नाही.

फोन करणे शक्य नव्हते. स्लावाला आमंत्रण देत नाहीत. ज्याला यायचे तो आपणहून येतो. सर्बियातल्या आपल्या गावी, वाल्येवोला, परतून त्याला तीन आठवडे झाले होते.

अडीचच्या सुमारास ताश्कंदहून दलालाचा फोन आला.

"कोच, इथल्या संघाची मंडळी तुमच्यासाठी आता थांबायला तयार नाहीत. परवा, शनिवारचं विमान आहे. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा."

"घरात पाहुणे आहेत. नंतर बोलू," रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ फिरवून ओब्राद म्हणाला.

नकार त्याने मनाशी पक्का केला होता. घर माणसांनी भरले, की तो कळवायचा, एवढेच उरले होते.

चारला मिलिसाव आला. एकेकाळी दोघे एकाच संघात खेळत. आता त्याचा एक गुडघा वाकत नसे. दारातच तो थबकला.

"अरे गाढवा, तू इथे काय करतोयस?"

"स्लावा."

"ते दिसतंय. अख्ख्या वऱ्हाडाचं रांधलंयस! पण सगळे तर ओग्न्येनकडे जमलेत. तू दिसेनास, म्हणून बघायला आलो."

ओग्न्येन हा ओब्रादच्या दिवंगत भावाचा मुलगा.

"भाऊ गेल्यावर घरात वडीलधारा मीच," ओब्राद म्हणाला.

"असशील. पण इतकी वर्षं मेणबत्ती कुणी पेटवली? आधी तुझ्या भावानं, आता त्याच्या पोरानं. लोकांचे पाय तिकडेच वळतात."

"त्यानं मला काही सांगितलं नाही."

"आणि तू त्याला सांगितलंस?"

स्लावाचे कोणी कोणाला सांगत नसते.

मिलिसावने चमचाभर गहू तोंडात टाकले. "अक्रोड जरा जास्त पडलेत. चल, कोट घाल."

जळती मेणबत्ती सोडून यजमान घराबाहेर पडत नाही. दिवस सरल्यावर तोच ती लाल वाइनने विझवतो. ओब्रादने घड्याळ पाहिले, सव्वाचार. त्याने वातीवर वाइनचे चार थेंब सोडले आणि धूर विरेपर्यंत तिथेच उभा राहिला.

ओग्न्येनचे घर माणसांनी गजबजले होते. तो स्वतः दाराशी उभा होता.

"स्लावाच्या शुभेच्छा, यजमान," ओब्राद म्हणाला.

"काका! या, या!" ओग्न्येनने त्याचा कोट उतरवून घेतला. लोक सरकले. पाद्रीबाबांच्या शेजारची, लांबून आलेल्या माणसाला देतात ती जागा त्याला मिळाली.

"या खेपेला किती दिवस आहात, काका?" पेल्यात राकिया, फळांची कडक दारू, ओतताना ओग्न्येनने मायेने विचारले.

टेबलाभोवतीचे ओळखीचे चेहरे उत्तरासाठी त्याच्याकडे वळले.

"शनिवारपर्यंत."

"मग उद्या जेवायला या हं, नक्की," ओग्न्येन म्हणाला आणि पुढच्या पाहुण्याचा पेला भरू लागला.