टाचणी लावलेली पत्रं

कामाच्या अनुभवाचा हा छापील अहवाल. प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळींची जागा सोडलीय. मला ती पुरणार नाही.

कामाचे ठिकाण व स्वरूप:

बाईंचं कार्यालय. बाई निवडून आलेल्या, मी नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेली. मुदत सहा महिने. आलेल्या माणसाचा अर्ज घ्यायचा, बाईंचं शिफारसपत्र टाइप करायचं, सही झाली की भाऊसाहेबांपुढे ठेवायचं.

देखरेख करणाऱ्याचे पद:

कारकून. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, बाईसुद्धा. सव्वीस वर्षं, चार नेते, खुर्ची एकच. पत्र अर्जाला जोडायचं काम ते कोणाला करू देत नाहीत. मी एकदा स्टेपलर उचलला, तर म्हणाले, "ठेव तो. पदवीला हे शिकवत नाहीत."

एवढ्याशा कामावर एवढा पहारा? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

काय निरीक्षण केलेत?

काही पत्रांना ते स्टेपल मारत. काहींना टाचणी. कागद तोच, सही तीच, मजकूर तर मीच टाइप केलेला.

मी लक्ष ठेवू लागले. काळ्या काचांच्या गाडीतून आलेला कंत्राटदार, ज्याला सोडायला बाई दारापर्यंत गेल्या: टाचणी. नळाला पाणी नाही म्हणून बाकावर दोन तास बसलेली म्हातारी: स्टेपल. दोन फोन घेऊन आलेला शाळेचा मालक: टाचणी. मुलीला वसतिगृहात जागा मागणारा शिंपी: स्टेपल.

गाडीतून आला त्याला टाचणी, पायी आला त्याला स्टेपल. आणि पायी आलेल्यांशी भाऊसाहेब किती गोड बोलायचे. होईल हो काम, काळजी करू नका. पाणी मुरतंय ते या गोडव्यातच, हे मी ठरवूनच टाकलं.

आलेल्या अडचणी:

मावशी.

ती नर्स आहे. दवाखाना घरापासून दोन तासांवर. काकांची उजवी बाजू गेल्यापासून ती त्यांना पहाटे भरवते, त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवते आणि सहाला निघते. पडले तर काकांनी शिट्टी वाजवायची, शेजारीण धावत येणार. आजवर दोनदा वाजलीय. बदलीचे अर्ज वर्षातून एकदाच घेतात.

मावशी कार्यालयात आली ती पायीच. बाकावर बसली. माझी मावशी आहे हे तिनं सांगितलं नाही, मीही नाही. सही झाली. भाऊसाहेबांनी पत्र अर्जावर ठेवलं, कडा जुळवल्या आणि स्टेपल मारलं. मग माझ्याकडे बघून हसले.

ते हसणं मी घरी घेऊन गेले.

स्वतःहून केलेले काम:

लखोटे पोचवणं माझ्याकडे होतं. बदली कार्यालयाच्या जिन्यावर बसून मी नखानं स्टेपल उचकटलं. कोपऱ्यात दोन भोकं राहिली. त्यांतूनच टाचणी ओवली, भाऊसाहेबांच्या डबीतली, सकाळीच उचललेली. काम इतकं सफाईदार झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. मावशीला फोन करून सांगितलं, झालंच समज. ती म्हणाली, तुझ्या तोंडात साखर पडो.

निष्पत्ती:

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. शेरा: शिफारस जोडलेली नाही, नामंजूर.

मी तो भाऊसाहेबांच्या टेबलावर आपटला. विचारलं, पत्र तुम्हीच जोडलं होतं ना? त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अर्जाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"स्टेपल कोणी काढलं?"

मी त्यांच्या टाचण्यांच्या डबीकडे बघितलं.

मग त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, एखाद्याला पत्ता सांगावा तसं. ज्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, त्यांनाही पत्र द्यावंच लागतं. त्यांना टाचणी. तिकडचा बाबू टाचणी ओढतो, पत्र टोपलीत टाकतो, शिफारस नाही म्हणून अर्ज परत पाठवतो. स्टेपल मारलेलं पत्र फायलीतच राहतं. त्याला उत्तर द्यावं लागतं.

तरी माझा विश्वास बसेना. मी कपाटातून परत आलेल्या अर्जांचा गठ्ठा काढला. कंत्राटदार. शाळेचा मालक. दोघांवर तोच शेरा, कोपऱ्यात टाचणीची भोकं.

"मला विचारायचंस," भाऊसाहेब म्हणाले. "मावशी आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. ती तुझ्यासारखाच ओठ चावते."

सुधारणेसाठी सूचना:

संध्याकाळी मावशीकडे गेले. तिनं शेरा वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

"तो भाऊसाहेबच लबाड," ती म्हणाली. "मला बघताक्षणी कळलं होतं. फार गोड बोलतो मेला."

ती माझ्या होकाराची वाट बघत होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्या माणसाचं काय जाणार होतं?

"मावशी, स्टेपल मी काढलं."

मी सगळं सांगितलं. पलंगावरून काका वाकड्या तोंडानं म्हणाले, "अति शहाणी." पुढचा बैल त्यांना उच्चारता आला नाही. एरवी आम्ही हसलो असतो.

मावशी उठली. काकांच्या शिट्टीची झिजलेली दोरी सोडवली, नवी आणून ओवली आणि गाठ मारली. वर्षभर टिकायला हवी म्हणून आणखी एक मारली.