पाच रोट्यांचं फिजिक्स

पुष्पाबाईला इंग्रजीतली चारच अक्षरं येत. पहिलं छपरासारखं, दुसरं दोन पोटांचं, तिसरं विळ्यासारखं, चौथं एका पोटाचं. तेवढ्या भांडवलावर ती लेकीची नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी घेत होती.

कोहमाऱ्याच्या चौकाजवळ त्यांचा ढाबा. दुपारची गर्दी ओसरली की नवरा लीलाधर मागच्या खाटेवर आडवा व्हायचा, आणि उशिरा येणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी पुष्पाबाई चूल जागी ठेवायची. समोरच्या बाकावर लेक रुची. रुचीकडे क्लासने दिलेली प्रश्नांची पुस्तिका. पुष्पाबाईच्या डाव्या हाताशी, परातीखाली अर्धा दाबून, उत्तरांचा कागद.

— अकरा?

— बी.

दोन पोटं. बरोबर.

— बारा?

— डी.

एक पोट. बरोबर. रोटी उलटली.

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. ढाब्यात घड्याळ होतं, पण चुलीपाशी बसलेल्या माणसाला ते दिसत नव्हतं. त्यामुळे पुष्पाबाईचा वेळ रोट्यांनी पुढं सरकायचा. बायोलॉजीचा प्रश्न एका रोटीचा. केमिस्ट्रीचा दोन, अडला तर तीन. फिजिक्सला पाच लागायच्या, कारण पोरगी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडायची, खोडायची, पेन चावायची, पुन्हा मांडायची. कोणता विषय चालू आहे हे पुष्पाबाईला न विचारता कळायचं.

रोज वीस प्रश्न. फेब्रुवारीत फिजिक्सचे वीसपैकी सहा-सात बरोबर येत. मार्च संपताना सतरा. एप्रिलात वीसपैकी वीस, आणि ही बातमी पुष्पाबाईने रायपूरपर्यंत पोचवली. म्हणजे रायपूरकडे जाणाऱ्या एकाही ड्रायव्हरला तिने ती ऐकवल्याशिवाय सोडलं नाही.

"भाभी," छोटेलाल ड्रायव्हर म्हणायचा, "बिटिया तो डॉक्टर बन गई. अब दाल भी दे दो."

"देतो ना. दोन प्रश्न होऊ दे आधी. पोट काही पळून नाई जाऊन राहिलं तुमचं."

परीक्षेला एकोणीस दिवस उरले होते. ती दुपार.

— तेरा?

— सी.

— चौदा?

— ए.

— पंधरा?

— सी.

तव्यावर तीच रोटी.

तीच.

विषय फिजिक्स, प्रश्न तीन, आणि ती रोटी अजून फुगायची होती. पुष्पाबाईने सोळा म्हटलं नाही. तिने मान वर केली. पेनाला टोपण. कॅलेंडरची पाठ कोरी. पुस्तिका रुचीच्या मांडीवर मिटलेली, वर ओढणीचं टोक.

पोरगी अशी झटपट उत्तरं काऊन देऊन राहिली?

ए) इतकी तयार झाली, की आकडे मांडायची गरज उरली नाही.

बी) आजचे प्रश्न सोपे आहेत.

सी) उत्तरांचा कागद फडताळात मिठाच्या डब्यामागे असतो, आणि फडताळाला कुलूप नाही.

डी) आईने इतक्या लोकांना सांगून ठेवलंय, की पोरीला चुकायची सोयच राहिली नाही.

ए वर तिला थांबावंसं वाटलं. थांबलीही. बी वर नाही. सी आणि डी दोन्ही बरोबर असतील असा प्रश्न परीक्षेत येत नसावा. ढाब्यावर येतो. रागवायचं तर कोणावर, हे ठरेपर्यंत रोटी एका बाजूनं काळी झाली होती.

तिने परातीखालचा कागद ओढला, दोनदा दुमडला आणि चुलीत सारला.

"माय! काय करून राहिली तू?" रुची बाकावरून उठलीच. "आता तपासशीन कशी?"

"तू सांग, ते उत्तर काऊन ते. मी तपासतो."

"तुले काय समजन त्यातलं?"

"फिजिक्स नाई समजन." पुष्पाबाईने काळी रोटी बाजूला टाकली. "तू त समजतेस ना मले."

रुची बसली. कानापर्यंत लाल झाली. रस्त्यावरून धानाचा ट्रक गेला, त्याचा आवाज सडक अर्जुनीच्या दिशेला विरत गेला.

"पंधरा," पुष्पाबाई म्हणाली. "वाच. मराठीत सांग."

पुस्तिका उघडली. पान सापडायला वेळ लागला.

"एक ट्रक हाय. ब्रेक मारल्यावर काही अंतर जाऊन थांबते. मंग त्याच ट्रकचा वेग दुप्पट केला न तसाच ब्रेक मारला, त किती लांब जाऊन थांबन? उत्तर सी. चारपट."

"चारपट काऊन? दुप्पट जोर, त दुप्पटच लांब जाईन."

"पुस्तकात चारपट हाय."

"पुस्तकाले नाई विचारलं मी."

"भाभी, दुगुना नहीं," पलीकडच्या बाकावरून छोटेलाल बोलला. त्याचा घास हातातच राहिला होता. "बहुत आगे जाती है गाडी. हम जानते हैं न."

"काऊन जाते?"

"अब क्यों... जाती है, बस."

"मंग तुम्ही जेवा गुमान."

रुचीला हसू आलं, पण ते ओठाशीच थांबलं. तिने पेनाचं टोपण काढलं. सूत्र लिहिलं. सूत्रातून चार येत होते, पण आई सूत्राकडे बघत नव्हती, तिच्या तोंडाकडे बघत होती. मग रुचीने सूत्रावर काट मारली आणि एक रस्ता काढला. रस्त्यावर एक चौकोन, चौकोनाला चाकं. खोडली. पुन्हा काढली. बराच वेळ गेला. किती, ते पुष्पाबाईने या वेळी मोजलं नाही.

"दुप्पट जोरात असला," रुची हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखी, "त थांबायलेच दुप्पट वेळ लागन. ब्रेक तोच हाय ना."

"हव."

"न त्या वेळात... तो हळू थोडीच चालन? सरासरी वेगही दुप्पट. म्हणजे वेळ दुप्पट, वर पळणंही दुप्पट." तिने वर पाहिलं. "दोन दुणे चार, माय."

पुष्पाबाई चौकाकडे बघत राहिली. नागपूरकडून एक ट्रक वेगात आला आणि गतिरोधकाच्या कितीतरी आधीपासून कुरकुरत मंद झाला.

"समजलं," ती म्हणाली. "सोळा?"

रुचीने प्रश्न वाचला. पेन कागदावर टेकवलं, उचललं.

"नाई येत."

"सतरा?"

"नाई येत." आणि मग, बांध फुटल्यासारखं, पण रडणं नव्हतं ते: "डिसेंबरपासून नाई येत. सरांनी फिरणाऱ्या चाकांचा धडा घेतला तवापासून. तुले सांगणार होतो. पण तू त सगळ्यायले सांगत सुटली होतीस ना."

 पुष्पाबाईने पिठाचे हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले.

छोटेलाल हात धुऊन आला. दातात काडी, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. "तो भाभी, आज बिटिया के कितने सही? बीस में बीस?"

रुचीची मान खाली गेली.

पुष्पाबाईने आवाज कमी केला नाही. लीलाधर खाटेवर जागा झाला, एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "एक."

"एक?"

"हव. एक आला. बाकीचे करून राहिली ती."

छोटेलालने दोघींकडे पाहिलं, काडी दुसऱ्या बाजूला सरकवली आणि ट्रककडे गेला.

रुचीने सोळावा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, या वेळी मोठ्यानं.