ग्रेटाचा डस्टी

ओव्हनसमोर लॉर्नाचा जीव टांगणीला लागला होता. आत गोऱ्ह्याच्या पाठीचा सगळ्यात मऊ तुकडा भाजत होता, आणि तो गोऱ्हा म्हणजे तिच्या लेकीचा, ग्रेटाचा डस्टी. पोरीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला, नेब्रास्काच्या जत्रेत बक्षीस मिळवलेला. तिथल्या रिवाजाप्रमाणे जत्रेनंतर तो खाटकाकडे गेला होता; पण त्याचं मांस घरी आल्याचं लॉर्नानं पोरीला सांगितलंच नव्हतं.

ग्रेटा आत आली. ओट्यावरचा खाटकाचा कागद पाहून थबकली.

"आई, हा डस्टी ना?"

लॉर्नानं घाईघाईनं कागद चुरगळला. "अगं, दुकानातून आणलंय…"

"थापा मारू नकोस!" ग्रेटानं ओव्हन उघडून मांस बोटानं दाबून पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "काढ बाहेर, आत्ताच्या आत्ता. एवढा जीव लावून वाढवलाय मी त्याला. जास्त भाजून वातड केलास तर बघ!"