बोकड शहारला न्हाई

आमच्या गावात मटाण म्हंजी म्हसोबाच्या जत्रंला. एरवी कुणाच्या चुलीवनं वास आला तर शेजारी इचारायचा, "पावना आलाय, का कोंबडी मेली?"

मग लढाई लागली. पोरं फौजंत गेली, तितं रोज मटाण खाया शिकली. सुट्टीवर आली की पिठल्याकडं बघून नाक मुरडायची. त्यात फौजंसाठनं ठेकेदार लोणंदच्या बाजारातली बकरी उचलाय लागला. खाणारी वाढली, बकरी सरली.

बनुबाईच्या दावणीला एक बोकड तेवढा राहिलेला. एकुलता लेक मानसिंग लढाई सरून घरी आला की म्हसोबाला द्यायचा, असा तिचा नवस.

मानसिंग सुट्टीवर आला. परत जायच्या आदल्या दिशी म्हणतो, "आये, बोकड आजच कापू. आलोय न्हवं मी?"

"आलाईस, पर परत जायचा हाईस की रं."

"तवर ह्यो बी ठेकेदार नेईल!"

लेकापुढं आईचं काय चालतंय?

देवळापुढं मी दावं धरलं. हरिबा भगतानं बोकडाला कुकू लावलं, पाठीवर पाणी वतलं. अंग शहारलं की देवानं घेतलं म्हणायचं, मगच सुरी. बोकड हालला न्हाई. आणिक एक तांब्या वतला. नुसता मानसिंगाकडं बघत ऱ्हायला.

"सोडा," हरिबा म्हणाला. "देवाला ह्यो नगं हाय."

"आवं हरिबातात्या, पलटणीत अशी वाट बघत बसलो तर उपाशी मरू!" मानसिंग हसला, अन् सुरी चालवली.

जेवाय मातर सारं गाव आलं. मीबी दोन वाडगी रस्सा वरपला. देवाला भ्यालो तरी वासाम्होरं कोण टिकतंय? बनुबाईनं तेवढा घास घेतला न्हाई.

दुसऱ्या दिशी दुपारच्याला मानसिंग निघाला. फाल्गुनातलं ऊन, दगूड तापल्याला. बनुबाईनं त्येच्या कपाळाला कुकू लावलं, तांब्या घेऊन पायावर पाणी वतलं.

पोरगं नखापास्नं शेंडीपर्यंत शहारलं.

माझ्या शेजारी हरिबा उभा व्हता. त्यानं मान खाली घातली.

"मानसिंगा, आज नगं जाऊस," बनुबाई म्हणाली.

"खुळी का काय तू? पाणी गार व्हतं, आये." पेटी खांद्याला मारली अन् कराडच्या वाटंला लागला.

बनुबाईनं तांब्यात बोटं बुडवली. मग माझ्या म्होरं धरला. "बघ रं बाबा. तूच बघ."

मी हात घातला. पाणी कोमट व्हतं.