ग्विलिमकाकांचा उजवा पाय

वेल्समधल्या त्या डोंगरी गावात पायांचा दवाखाना एकच, तो एलुनेदचा, आणि येणारे पाय सगळे ओळखीचे. ओळखीच्या माणसाला तपासायचं नाही म्हटलं असतं, तर तिला मेंढ्यांचे खूर तासत बसावं लागलं असतं. तरी ग्विलिमकाका आले की ती चुळबुळायची. लहानपणी त्यांच्याच बसमधून ती शाळेला जायची. ते अजूनही तीच बस चालवत होते.

त्या दुपारीही बस दारासमोर उभी होती. शाळा सुटली की मुलांना घेऊन घाट चढायचा, मधल्या वेळात पाय दाखवून टाकावेत म्हणून काका आले होते. मधुमेह जुना असल्याने ही तपासणी त्यांना दरवर्षी करावी लागे.

"डोळे मिटा. पायाला काही लागलं की 'हो' म्हणा."

तिने नायलॉनचा बारीक तंतू अंगठ्याला टेकवला. "हो." चवड्याला टेकवला. "हो." टाचेला. "हो."

"पास ना, पोरी?"

"पहिल्या नंबरानं."

मग सवयीप्रमाणे तिने त्यांचा उजवा बूट उचलला आणि आत हात घातला. पाय तपासला की बूटही चाचपायचा, हे तिच्या हाडीमासी खिळलं होतं. आत तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. केसांना लावायची पिन होती, लाल फुलपाखराची, दाबून पार चपटी झालेली.

"काका, हे बूट कधीपासून पायात आहेत?"

"सकाळपासून. गाडीतलेच बूट हे, सीटखाली असतात. का?"

एलुनेदने त्यांचा चवडा पुन्हा उजेडात धरला. तिथे फुलपाखराचा पुसट ठसा होता. मघाशी तिने तो मोज्याचा वळ समजून सोडून दिला होता. घड्याळाच्या तालावर टेकवावा तसा तिने तंतू टेकवला होता, आणि काकांनी ताल पकडला होता.

"पुन्हा एकदा डोळे मिटा."

या वेळी तिने तंतूचा हात स्वतःच्या मांडीवरच ठेवला.

"हो," काका म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हो."

तिने त्यांना सगळं सांगितलं, मघाची स्वतःची चूकसुद्धा. पायाची संवेदना गेली आहे, डॉक्टर बघेपर्यंत गाडी चालवायची नाही, आणि परवान्याच्या ऑफिसला कळवायचं.

"तुम्हीच कळवा, काका. नाहीतर मला कळवावं लागेल. तुमच्या पाठीमागे नाही करणार, आधी तुम्हाला सांगेन."

"तुझे बाबा गेले तेव्हा तुम्हा सगळ्यांना दफनाला या बसमधून कोणी नेलं गं?"

"तुम्ही."

"मग एवढं पोटात ठेवता येत नाही?"

घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही ती बघत होती. दुसरी बस बोलवायची तर आत्ताच बोलवायला हवी होती.

"दोऱ्यानं माझा पाय मोजतेस!" काकांनी बूट चढवले. "चल बसकडे. ब्रेक दाबून दाखवतो."

"आधी किल्ली द्या."

त्यांनी रागाने किल्ली तिच्या हातात आपटली. ते सीटवर बसले, ती पावसात बसच्या मागे जाऊन उभी राहिली. ब्रेकचे मागचे दिवे किल्लीशिवायही लागायचे; ते लागले, विझले, पुन्हा लागले. तिला वाटलं, आपणच तर अतिरेक करत नाही ना?

"हा बघ, काढला पाय," खिडकीतून आवाज आला. "विझले ना?"

ओल्या रस्त्यावर लाल उजेड तसाच पडला होता. 'हो' म्हणणं किती सोपं होतं.

"नाही, काका."

"नीट बघ."

"लागलेलेच आहेत."

मग तिला बाजूच्या आरशात काका वाकताना दिसले. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःची मांडी उचलली, तेव्हा कुठे दिवे विझले.

ती पुढे आली तोवर त्यांनीच शाळेला फोन लावला होता. "दुसरी गाडी मागवा. नाही, बसला काही झालेलं नाही." फोन ठेवून ते समोरच्या काचेकडे बघत बसले. किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

"ती पिन दे. बसमधल्या शोनेदची आहे ती, काल हरवलेली. सकाळी रडून बस डोक्यावर घेतली होती पोरीनं."

तिने पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ घट्ट आवळली.

"टोचते की गं," काका म्हणाले.