सहाशे अकरा नंबरची ओळ

विनीने ओटमीलमधले बेदाणे एकेक वेचून टेबलाच्या कडेला रांगेत लावले होते. तिची आई जोसलिन आर्सनो समोर बसून ते पाहत होती, आणि पाहत नव्हतीही. डोळे लॅपटॉपवरच्या एका पत्रावर खिळले होते.

पत्र होतं मॅनिटोबातल्या ब्रँडनहून, तानिस फ्रोलिक नावाच्या बाईचं.

"माझी ब्रिन नऊ वर्षांची आहे. काल सहाला ती तुमच्या गेममधल्या शेकोटीवरून उठली आणि जेवायला आली. बाहेर पडायचं बटण तिने माझ्यासमोर दाबलं. पडद्यावर गेमचं पहिलं पान आलेलं मी स्वतः पाहिलं. जेवण झाल्यावर ती परत गेली, तर शेकोटीवरच्या एका माणसाने तिला विचारलं, ब्रिन, तुझे बाबा खरंच मंगळवारपर्यंत येणार नाहीत का? हे मी फक्त जेवणाच्या टेबलावर बोलले होते. त्या माणसाला कसं कळलं, तेवढं सांगा."

जोसलिनने लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं. बेदाण्यांची रांग विस्कटली आणि विनीने भोकाड पसरलं.

तो माणूस कोण होता ते जोसलिनला ठाऊक नव्हतं. त्याला कसं कळलं, ते मात्र पक्कं ठाऊक होतं. तेच वाईट होतं.

गेमचं नाव एंबर कोव्ह. दिवसभर होड्या घेऊन मासे धरायचे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर शेकोटीभोवती बसून खऱ्याखुऱ्या आपल्या आवाजात गप्पा मारायच्या. जवळ बसलं की आवाज मोठा, दूर गेलं की लहान. त्या शेकोटीवरच लोक भाळले होते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, डार्टमथच्या धक्क्याजवळ, एका जुन्या दोरखंडाच्या गोदामाच्या माडीवर, अकरा माणसांनी चार वर्षं खपून तो उभा केला होता, आणि गुरुवारी दुपारी तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला होता. म्हणजे घर अजून अर्धंच बांधलंय, पण या, राहा, कुठे गळतंय ते सांगा, आम्ही दुरुस्त करत राहू. खेळणाऱ्यांशी बोलायचं काम जोसलिनचं. रोज सकाळी अकराला ती अपडेट लिहायची: काय दुरुस्त झालं, काय व्हायचंय. खाली तिचं नाव असायचं. लोक शिव्या द्यायचे त्या तिलाच, आणि आभार मानायचे तेही तिचेच.

नवरा कर्टिस न्यूफाउंडलंडपलीकडे भर समुद्रात, तेल काढायच्या फलाटावर कामाला. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. त्यामुळे शनिवारी कामावर जायचं म्हणजे विनीला बखोटीला मारून जायचं. जोसलिनने विनीच्या बुटांचे बंद घाईघाईने बांधले. दाराचं कुलूप तिने दोनदा ओढून पाहिलं, पायऱ्या उतरून परत चढली आणि तिसऱ्यांदा पाहिलं.

*

मार्चमधली गोष्ट. जोसलिन घरूनच गेम तपासायला बसली होती. सहा वाजले तशी शेकोटीवरून उठली, बाहेर पडायचं बटण दाबलं, लॅपटॉप न्हाणीघराबाहेरच्या स्टुलावर ठेवला आणि विनीला टबात बसवलं. विनीने विचारलं, बाबा कधी येणार? जोसलिन म्हणाली, अजून सतरा झोपा. मग नळ मोठा सोडून, पोरीला दिसू नये म्हणून तोंड फिरवून ती जरा रडली. विशेष काही नाही. रडायचा वार होता, इतकंच.

पाच मिनिटांत फोन वाजला. लॉर्ना मॅकएकर्न. स्टुडिओतल्या सगळ्या चुका धुंडाळणारी एकटी बाई. वय अठ्ठावन्न, केप ब्रेटनची. आधीची बावीस वर्षं मासळीच्या कारखान्यात. दिवा लावलेल्या काचेवर कॉडचे तुकडे ठेवून त्यातली अळी शोधायची. ती नजर तिने इकडे आणली होती.

"पोरी," लॉर्ना हळूच म्हणाली, "तुझ्या टबातलं पाणी मला शेकोटीवर ऐकू येतंय गं. आणि बाकीचंही. आधी माइक काढ, मग बोलू."

बाहेर पडल्यावर पडदा बदलत होता. माइक मात्र शेकोटीला जोडलेलाच राहत होता. प्रत्येक वेळी नव्हे, पण राहत होता. लॉर्नाने त्याच संध्याकाळी चूक वहीत नोंदवली. वही म्हणजे त्यांची संगणकावरची यादी. जी चूक सापडेल तिला पुढचा नंबर मिळतो, आणि तो कधी बदलत नाही. या चुकीला मिळाला सहाशे अकरा. दुसऱ्या दिवशी मालक ग्रेडन झिंकने शेरा मारला: 'क्वचित घडते. लाँचनंतर पाहू.' आणि नोंद बंद केली.

जोसलिनने काय केलं? घरच्या लॅपटॉपचा माइक उपटून खणात टाकला. आणि विसरली.

*

"चौतीस पत्रं आलीत," तिने गोदामाच्या जिन्यातूनच सुरू केलं. "नुसत्या काल रात्रीपासून चौतीस. कुणाचं भांडण ऐकू गेलंय, कुणाचा डॉक्टरशी चाललेला फोन. ग्रेडन, आवाज बंद कर. आत्ता. सर्व्हरवर एक कळ आहे, ती दाब."

ग्रेडन खिडकीशी उभा होता. तीन दिवसांची दाढी, अंगावर गेमच्या नावाचा टी-शर्ट. माणूस तसा वाईट नव्हता. विनी आजारी पडली तेव्हा आपण होऊन जोसलिनला आठवडाभर सुट्टी देणारा. म्हणूनच पुढचं बोलणं जास्त झोंबलं.

"आवाज बंद केला तर उरतं काय? मासे? अगं, शेकोटी म्हणजेच गेम. आज दुपारी दोनशे लोक तो खेळताना इंटरनेटवर थेट दाखवणार आहेत. सोमवारी दहाला दुरुस्ती टाकतोय. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"ब्रँडनमधली एक बाई मंगळवारपर्यंत पोरीबरोबर घरात एकटी आहे. आणि ते एका अनोळखी माणसाला ठाऊक आहे. शेकोटीवर त्याने तिच्या पोरीला तसं विचारलंय."

"त्याने नुसतं विचारलं असेल. लोक विचारतात."

"लोक विचारतात? तुझ्या आईला कोणी असं विचारलं असतं तर?"

ग्रेडनने कपाळ चोळलं. "जोस, मी काही राक्षस नाही. सांगायचं नाही असं कुठे म्हणतोय? सांगू. फक्त नीट सांगू. लिही." तो डोळे मिटून शब्द जुळवू लागला. "'काही दुर्मिळ प्रसंगी शेकोटीचा आवाज अपेक्षेपेक्षा थोडा जास्त वेळ रेंगाळू शकतो. आमच्या तपासणीत हे आढळलं नव्हतं. लवकरच सुधारणा करत आहोत.' आणि हे सगळ्यात खाली टाक. ती गलबताच्या शिडाच्या दुरुस्तीची ओळ आहे ना, तिच्याही खाली."

रेंगाळू शकतो! जणू आवाज म्हणजे एखादं मांजर, उन्हात पडून राहिलंय. जोसलिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिच्याआधी कोपऱ्यातून आवाज आला.

"कुणाच्या तपासणीत आढळलं नव्हतं?" लॉर्नाने विचारलं. तिच्या मांडीवर विनी बसली होती आणि दोघी मिळून एक ओटकेक खात होत्या.

"लॉर्ना, तुझं नाव कुठे घेतलंय मी?"

"नावाची गरज काय? तपासणीला इथे मी एकटी बसते. खेळणाऱ्यांनाही माहीत आहे, गुरुवारी केक पाठवलाय त्यांनी मला. कारखान्यात एक फोरमन होता बघ. मी अळी दाखवली की म्हणायचा, ट्रकला उशीर होतोय, भर. आणि तक्रार आली की म्हणायचा, लॉर्नाचे डोळे गेले आता."

"मी त्या फोरमनसारखा नाही."

"नाहीस. तो ओरडायचा. तू गोड बोलतोस."

ग्रेडनचे कान लाल झाले. तो जोसलिनकडे वळला. "आणि एक. त्या ओळीपुढे नंबर घालू नकोस."

ही नंबरांची पद्धत लॉर्नाचीच. अपडेटमधल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या चुकीचा वहीतला नंबर असायचा. ज्याने चूक कळवली त्याला आपली ओळ ओळखता यावी म्हणून. गेम आवडणाऱ्या काही हजारांना तो आधीपासून खेळायला दिला होता; ही मंडळी वर्षभर ते नंबर जिवापाड जपत. माझा चारशे बारा दुरुस्त झाला हो, म्हणून पेढे वाटल्यासारखं एकमेकांना कळवत.

"एका ओळीला नंबर नाही, कुणाच्या लक्षात येणार आहे?" ग्रेडन म्हणाला.

"मग घातला तर काय बिघडतं?"

त्याचा फोन वाजला, थेट दाखवणाऱ्यांपैकी कुणाचा तरी, आणि तो आवाजात साखर घोळत पलीकडच्या खोलीत गेला.

*

अकराला सात मिनिटं कमी होती. जोसलिनने त्याची तीन वाक्यं लिहून काढली. वाचली. पुन्हा वाचली. एकही वाक्य धड खोटं नव्हतं, मधलं सोडून. आणि एकही असं नव्हतं, जे वाचून ब्रँडनमधल्या त्या बाईने उठून माइक काढला असता. कॉलेजात चार वर्षं भाषा शिकून आपण हेच करायला लागलो का, तिला वाटलं. दुसऱ्याच्या घाणीवर सारवण घालायला?

तिने तिन्ही वाक्यं पुसली. सगळ्यात वर, शिडाच्याही वर, होडीच्याही वर लिहिलं:

"आधी हे करा. खेळत नसाल तेव्हा माइक उपटून ठेवा किंवा गेम पूर्ण बंद करा. पहिलं पान दिसत असलं तरी तुमच्या घरातला आवाज शेकोटीवर जात असू शकतो. घरात मुलं असतील तर आत्ताच जाऊन पाहा. बाकीचं नंतर वाचा."

"लॉर्ना, नंबर," ती म्हणाली. "तू नको म्हणशील तर नाही घालत. नोकरी तुझीही जाईल."

लॉर्नाने विनीला खाली उतरवलं, हातांवरचा चुरा झटकला आणि खुर्ची ओढली. "सरक. तो मी घालते. माझी सही आहे ती."

दोन बोटांनी टकटक करत तिने ओळीच्या शेवटी लिहिलं: ६११. बरोबर अकराला जोसलिनने कळ दाबली.

पहिली काही मिनिटं अपडेटखाली नुसत्या किंकाळ्या. माइक काढला, काढला, अरे देवा, काढला. नवव्या मिनिटाला हॅमिल्टनच्या कुणीतरी लिहिलं: "एक मिनिट. वीस मार्चच्या अपडेटमध्ये सहाशे चाळीस दुरुस्त झाल्याचं लिहिलंय. सहाशे अकरा त्याच्या आधीचा. म्हणजे यांना मार्चपासून माहीत होतं?"

त्याखाली बघता बघता शंभर, मग चारशे, मग मोजायचं सोडून द्यावं इतकी उत्तरं. लोकांनी जुने अपडेट उकरून काढले, नंबर लावले, तारखा लावल्या. घर अर्धं आहे हे सांगितलं होतंत, भिंतीला कान ठेवलेत हे का नाही सांगितलं?

पलीकडच्या खोलीतलं गोड बोलणं मधेच तुटलं. ग्रेडन धडधडत बाहेर आला.

"हे काय केलंस? मी काय सांगितलं होतं?"

"रेंगाळतो म्हणून सांगितलं होतंस."

"चार वर्षं, जोस! अकरा घरं चालतात यावर! तुझंही त्यातलंच!"

"आणि त्यांची घरं? ती काय आपली करमणूक आहे?" ती इतकी मोठ्याने ओरडली की विनी लॉर्नाच्या खुर्चीमागे जाऊन लपली. "मला ओरडायचं तर ओरड, पण आधी ती कळ दाब! ती दाबायला बारा सेकंद लागतात, ग्रेडन. तेवढ्या वेळात तू मला नोकरीवरूनही काढू शकशील, दोन्ही कर!"

तो आपल्या टेबलाशी गेला, उभ्या उभ्याच काहीतरी टाइप केलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर गेम चालू असायचा. तिथल्या शेकोटीभोवती बसलेली माणसं अकरा वाजून बावीस मिनिटांनी एकाएकी मुकी झाली. तोंडं हलत होती, आग हलत होती.

जोसलिनला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण समोर तानिस फ्रोलिकचा प्रश्न आला होता, सगळ्यांसमोर, जाहीर.

"मार्चमध्ये कुणाकुणाला माहीत होतं?"

"उत्तर देऊ नकोस," ग्रेडन म्हणाला. तो अजून उभाच होता आणि त्याची बोटं कीबोर्डवरून उठली नव्हती. "वकिलाशी बोलल्याशिवाय एक शब्द नाही. तुझा पासवर्ड मी बंद करतोय."

जोसलिनने लिहिलं: "तिघांना. एकीने नोंदवलं, एकाने नोंद बंद केली. तिसरी मी. तो आवाज पहिल्यांदा माझ्याच घरातून गेला होता, मी मुलीला अंघोळ घालत असताना."

ब्रँडनहून उत्तर यायला वेळ लागला नाही.

"मग तुम्ही काय केलंत?"

लॉर्ना मान वळवून तिच्याकडे पाहत होती. विनी खुर्चीमागून हळूच बाहेर आली आणि आईच्या मांडीवर चढू लागली. जोसलिनने एका हाताने तिला सावरलं, दुसऱ्या हाताने टाइप केलं: "आमच्या घरचा माइक काढला. फक्त आमच्या."

कळ दाबली. ओळ गेलेली तिने पाहिली. मग पडदा पांढरा झाला आणि तिला पासवर्ड आणि तिचं नाव विचारू लागला.