गॉजची घडी

"आज पुन्हा डबा?" नवऱ्यानं दारातूनच विचारलं. "तुझ्या सिस्टरबाईंना ड्युटीबिटी नाही वाटतं?"

"हळू बोला. ऐकतील त्या."

"ऐकू देत. सख्खी बहीण करत नाही एवढं. काहीतरी पाणी मुरतंय."

तिच्या पोटाच्या ऑपरेशनला महिने उलटले, तरी टाक्यांखाली ठणकायचं, संध्याकाळी ताप चढायचा. डॉक्टर म्हणत, होईल बरं. सासू म्हणे, कामाचा कंटाळा, दुसरं काय! ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात ती स्वतः गॉजच्या, रक्त टिपायच्या जाळीदार कापडाच्या, घड्या घालायची. त्या घड्या ऑपरेशनला जात, आणि पोट शिवण्याआधी थिएटरची सिस्टर त्या मोठ्यानं मोजून घेई. एकही आत राहता कामा नये. तिच्या वेळी मोजायला ही डबा आणणारीच सिस्टर होती, तिची जिवाभावाची. म्हणून तर ती निर्धास्त झोपली होती.

पण संशय बसायला पाट मागत नाही. कोपरा दिसला की बूड टेकतो. आता तिलाही दिसू लागलं. सिस्टर कपाळाला हात लावायची, तोंडात घास द्यायची, पण पोटाकडे चुकूनही बघायची नाही.

नवरा बाहेर गेल्यावर तिनं सिस्टरचं मनगट धरलं. "माझ्या घड्या पुऱ्या भरल्या होत्या ना?"

"असं काय विचारतेस गं?"

"माझ्याकडे बघून सांगा."

सिस्टरनं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"तुझं बीपी एकदम उतरलं. मी मोजणी अर्धी टाकून तुझा हात धरला. देवाला हाका मारत होते गं! डॉक्टर म्हणाले, बरोबर? मी म्हटलं, बरोबर. पुन्हा मोजलंच नाही."

"आणि इतके दिवस मला डबे भरवलेत?"

"रोज सांगायचं ठरवून यायचे. तुझं तोंड बघितलं की जीभ उचलायची नाही."

"आता डॉक्टरांना सांगा."

"सांगते. नोकरी गेली तरी सांगते."

सिस्टर उठली. डबा तिथंच राहिला.

एक्स-रेच्या फोटोत पोटात राहिलेली घडी दिसली. दुसऱ्या ऑपरेशनला मोजायला नवी सिस्टर होती. तिनं सुरुवातीलाच घड्या मोठ्यानं मोजल्या, परत मोजल्या, कुणाकडे मान वळवली नाही. असंच मोजायचं असतं, हे पडल्या पडल्या तिला कळत होतं.

भूल चढू लागली तसा तिनं चादरीबाहेर हात काढला. कुणी धरला नाही. तरी तिनं तो आत घेतला नाही.